वाकायचं कोणी?

बीडजवळच्या पालीत एखाद्या हौशी रेडिओवाल्याने १४५ मेगाहर्ट्झवर उभी अँटेना लावली आणि समोर बालाघाटाच्या माथ्यावरच्याने आडवी, तर मध्ये आडकाठी नसूनही संदेश सहज शंभरपट क्षीण होतो. उलट लघुलहरी आयनांबरावरून परततात, तेव्हा त्यांचा उभे-आडवेपणा वाटेतच विस्कटतो. तार कशीही बांधा, हजारो किलोमीटरवरचा माणूस ऐकू येतो. अमेरिकेतल्या भाच्याशी आमचं जमतं आणि शेजारच्या काउंटरवरच्या कॅशियरशी जमत नाही, ते यामुळेच म्हणायचं!

मग वाकायचं कोणी? बोलणाऱ्याने की ऐकणाऱ्याने? शास्त्राला कोणीही चालतो. व्यवहार म्हणतो, ज्याला गरज त्याने. पण गरज कोणाला, हे कळायला आधी एकमेकांचं ऐकू तर यायला हवं! म्हणून म्हणतो, ज्याला हे आधी उमगलं, त्यानेच आपली अँटेना फिरवावी.