मिनिटे मोजणारी माणसे

देहू आणि आळंदीच्या शेजाराने वाढलेल्या पिंपरी-चिंचवडला पायी चालण्याचे अप्रूप नाही. अलीकडे आषाढीच्या आधी इथले सायकलस्वारही पंढरपूर गाठतात. पण वारकरी चालतो तो विठ्ठलासाठी. अनोळखी माणसाच्या जिवासाठी धावायचे आणि त्या निमित्ताने मित्रांकडे, नातलगांकडे देणगी मागायची, ही रीत महाराष्ट्रात ठळक झाली ती २००४ मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमुळे.

पैसे द्यायचेच तर धावायचे कशाला, असे कुणी विचारील. उत्तर साधे आहे. मागणाऱ्याने आधी स्वतः काही सोसलेले असले, की देणाऱ्याला नाही म्हणणे जड जाते. शिवाय एकाच दात्याच्या मोठ्या धनादेशाने एखाद्या सेवेला उपकारकर्ता मिळतो, हजार लहान देणग्यांनी हजार वाटेकरी मिळतात.

इंग्लंड-वेल्समधल्या हवाई रुग्णवाहिका मुख्यतः अशाच वाटेकऱ्यांच्या जिवावर उडतात. या सेवांसाठी कुणी महिनाभर रोज धावतो, कुणी सायकल दामटतो. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या स्वित्झर्लंडच्या ‘रेगा’लाही लाखो नागरिक दरवर्षी वर्गणी देतात. उद्या कुणावर पाळी येईल हे ठाऊक नसल्याने सगळेच देतात. म्हणूनच हेलिकॉप्टर कुणासाठी उडवायचे, हे जखम ठरवते. आपल्याकडे एम्स ऋषिकेशच्या २०२४ मधल्या हेलिकॉप्टर सेवेसारखे सरकारी अपवाद सोडले, तर हवाई रुग्णवाहिका म्हणजे लाखो रुपये मोजून भाड्याने घेतलेले विमान. तिथे ऐपत ठरवते.

मग चाकणच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी हेलिकॉप्टर हवे म्हणून आपणही धावावे का? त्याआधी हेलिकॉप्टर नेमके काय करते, ते पाहायला हवे. लंडनची हवाई रुग्णवाहिका १९८९ पासून आहे. तिचे मुख्य काम रुग्णाला उचलून नेणे हे नाही. डॉक्टरला रुग्णापर्यंत पोचवणे हे आहे. गरज पडली तर रस्त्यावरच छाती उघडून शस्त्रक्रिया होते आणि पुष्कळदा रुग्ण पुढे साध्या गाडीनेच रुग्णालयात जातो. रात्री तर तेच पथक मोटारीने निघते.

डॉक्टरने रुग्णाकडे जायचे, हे तत्त्व महाराष्ट्राला नवे नाही. २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झालेल्या ‘१०८’ सेवेत डॉक्टर गाडीतच असतो, आणि ही सेवा तेव्हा चालवायला घेतलेल्या बीव्हीजी कंपनीचे मुख्यालयही चिंचवडलाच आहे. अडते ते वाटेत. तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरांची रांग लागली, की सायरनचाही इलाज चालत नाही. विजेच्या तारा, शेड आणि वस्त्या यांच्या दाटीत हेलिकॉप्टर उतरवायलाही मोकळी जागा पटकन सापडणार नाही. २०१७ मध्ये ‘१०८’ने मुंबईत मोटारसायकल रुग्णवाहिका आणल्या; दुचाकी चालवणारा स्वतः डॉक्टर. मोटारसायकली घडवणाऱ्या आकुर्डी-चाकणच्या पट्ट्याला याहून शोभणारे ‘विमान’ कोणते? हेलिकॉप्टर भीमाशंकरच्या डोंगरात, घाटांत, एक्स्प्रेस वेवर खरे उपयोगी. कारखान्याच्या दारात डॉक्टर आधी दुचाकीवरून पोचेल.

एक धोका मात्र ओळखून असावे. देणगी जमते म्हणताच सरकारला अंग काढून घ्यायला सबब मिळते. रस्ता रुंद करणे, ट्रॉमा केंद्र चालवणे, रुग्णवाहिका राखणे ही कामे करातूनच व्हायला हवीत. ती वर्गणीवर सोडणे म्हणजे नागरिकाकडून दोनदा पैसे घेणे. वर्गणीने नवा प्रयोग उभा करावा, तो यशस्वी झाल्याचे दाखवावे आणि मग सरकारच्या गळ्यात घालावा.

हे काम धावणाऱ्यांकडून व्हावे, याला आणखी एक कारण आहे. दहा किलोमीटरच्या शर्यतीतले अर्धे मिनिट कमी करायला ही माणसे महिनोन्‌महिने राबतात. फोन आला तेव्हापासून डॉक्टर पोचेपर्यंत किती मिनिटे गेली, हा प्रश्न महापालिकेला, कारखान्यांना आणि सरकारला दर महिन्याला विचारण्याची चिकाटी त्यांच्याकडे नक्कीच असेल. जमलेल्या रकमेपेक्षा या प्रश्नाने अधिक जीव वाचतील.