शेजाऱ्याचा झेंडा

नॉर्वेत १७ मे म्हणजे धमाल. ऑस्लोत शाळांमधली मुलं छोटे झेंडे घेऊन राजवाड्यापर्यंत चालत जातात, राजघराणं सज्जातून हात हलवतं. मोठी माणसं 'बुनाड' हा पारंपरिक पोशाख घालतात, मुलं आइस्क्रीमवर ताव मारतात. त्या मिरवणुकीत रणगाडे नसतात. २६ जानेवारीचं संचलन बघत वाढलेल्या मला याचं नवल वाटतं.

शेजारच्या स्वीडनचा राष्ट्रीय दिवस ६ जून. १५२३ मध्ये याच दिवशी गुस्ताव वासाची राजा म्हणून निवड झाली. पण 'राष्ट्रीय दिवस' हे नाव मिळालं १९८३ मध्ये आणि सुट्टी २००५ मध्ये, तीही एका धार्मिक सोमवारची सुट्टी रद्द करून. स्वीडिश लोक खरे रंगतात मिडसमरला. फुलापानांच्या खांबाभोवती नाच, हेरिंग मासे, नवे बटाटे.

मग नॉर्वेजियन देशप्रेमी आणि स्वीडिश थंड, असं म्हणायचं का? मला ते पटत नाही. नॉर्वे चारशेहून जास्त वर्षं डेन्मार्कच्या राजांकडे होता. १७ मे १८१४ला त्याने आपली राज्यघटना लिहिली, पण त्याच वर्षी त्याला स्वीडनच्या राजाखाली जावं लागलं. ते नातं १९०५ मध्ये तुटलं. पुढे १९४० ते १९४५ जर्मन ताब्यात हा सण साजरा करायलाही बंदी होती. स्वीडनच्या वाट्याला या काळात असं काही आलं नाही. ज्याचं घर कुणी बळकावलंच नाही, तो दारावरची पाटी रोज कशाला पुसेल? ज्याला आपण राष्ट्राचा स्वभाव म्हणतो, ती बरेचदा आठवण असते.

इथवर मला नॉर्वेचा सण जास्त जवळचा वाटतो. पण एक गोष्ट खुपते. जखम लक्षात राहिली, की दुसऱ्याचीही कळते का?

उत्तर नॉर्वेच्या उत्तरेत आहे. तिथल्या सामी या मूळनिवासी लोकांना 'नॉर्वेजियन' करण्याचं सरकारी धोरण शतकभर चाललं. शाळांमधून मुलांची भाषा हिरावली गेली. म्हणजे एकीकडे मुलं स्वातंत्र्याची मिरवणूक काढत होती आणि त्याच देशात काही मुलांना स्वतःच्या भाषेत बोलायची चोरी होती. राजा हाराल्ड यांनी १९९७ मध्ये माफी मागितली, संसदेने २०२४ मध्ये. स्वीडननेही आपल्या सामींना फार बरं वागवलं नाही. सामींचा स्वतःचा दिवस ६ फेब्रुवारी. तो नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया अशा चार देशांत साजरा होतो. त्यांच्या झेंड्याला सीमा आडवी येत नाही.

म्हणून कुठल्याही देशाचा सण बघताना झेंडे किती आहेत हे मी मोजत नाही. मिरवणुकीत कोण चालतंय हे बघतो, आणि फुटपाथवर कोण उभं राहिलंय तेही. आपल्याकडच्या मिरवणुकीतही.