गग्ग भिक्खूची गैरहजेरी

माणूस दवाखान्यातून घरी आला, चालू-बोलू लागला, की आपण म्हणतो, बरा झाला. मेंदूच्या जखमेत हा शब्द फसवा आहे.

आमच्या शाळेतील एक गुरुजी मूलकडच्या जंगल-रस्त्यावर रानडुक्कर आडवे आल्याने मोटारसायकलवरून पडले. डोक्यात रक्त साकळले, नागपूरला शस्त्रक्रिया झाली. पाच महिन्यांनी ते रुजू झाले. हातपाय धड, वाणी स्पष्ट. परंतु हजेरी घेता घेता नावे विसरत, वर्गाचा गलका सहन होत नसे, दुपारनंतर डोके जड पडे. ज्यांचा आवाज कधी चढला नव्हता, त्यांनी एके दिवशी डस्टर फेकून मारले. मुलाच्या कपाळाला खोक पडली. दुसऱ्या दिवशी त्यांना त्यातले काहीच आठवेना.

घरच्यांनी पूर्वजन्मीचे फळ म्हटले, शेजाऱ्यांनी बाहेरची बाधा. बंधू-भगिनींनो, दीक्षा घेतलेल्या घरांतही ही भाषा अजून ऐकू येते! मेंदूचा पुढचा भाग रागाला आवर घालतो. तेथे मार बसला की स्वभाव पालटतो. यात पूर्वजन्म कुठून आला?

पण मुलाच्या बापाने विचारले, ‘‘गुरुजींना आठवत नाही, म्हणून माझ्या पोराची खोक खोटी काय?’’ यावर मी निरुत्तर झालो.

विनयपिटकात भिक्खू गग्गाची हकीकत आहे. त्याचे चित्त भ्रमिष्ट झाले होते. उपोसथ त्याला कधी आठवे, कधी आठवत नसे. सर्व संघ जमल्यावाचून उपोसथ नाही, हा तर नियम. तथागतांनी त्याला काढून टाकले नाही, की ओढून आणवले नाही. संघाने रीतसर ठराव करावा, गग्ग येवो वा न येवो, उपोसथ होईल, असे सांगितले. माणूस वाकत नव्हता, तेव्हा नियम वाकवला. पुढे गग्ग शुद्धीवर आला, तरी भ्रमात घडलेल्या गोष्टींवरून भिक्खू त्याला टोचत राहिले. त्यावर ‘अमूढविनय’ सांगितला गेला : त्याने तीनदा मागणी करावी, संघाने त्याला दोषमुक्त करावे. मात्र आठवत असून वेडाचे सोंग घेणाऱ्याला ही सवलत नाही. एवढा बारकावा आमच्या खात्याच्या एकाही परिपत्रकात मी वाचलेला नाही.

गुरुजी दोषी नाहीत, आणि खोक खरी आहे. दोष असेल तर पाचव्याच महिन्यात त्यांच्यापुढे भरलेला वर्ग बसवणाऱ्या आम्हा सर्वांचा.

कायदा त्यांच्या बाजूला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 प्रमाणे सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला कमी करता येत नाही. जमेल ते दुसरे काम त्याच पगारावर द्यावे लागते. पण एटापल्लीच्या जंगलात तेंदूची पाने तोडणाऱ्या बाईचे काय? ‘सर्च’ संस्थेने 2011 ते 2013 या काळात गडचिरोलीच्या 86 गावांतील मृत्यू तपासले, तेव्हा पक्षाघात हे पहिले कारण निघाले. त्यातून जी वाचते, तिचा हात चालत नाही, मोजणी चुकते. मजुरी तर पुडक्यांच्या शेकड्यावर. तिच्यासाठी ठराव कोण करणार? घरात तिला ‘बसून खाते’ म्हणणारे आपणच असतो.

गुरुजी आता सकाळच्या दोन तासिका पाच-सहा मुलांना वाचन शिकवतात. दिवसाचा क्रम फळ्यावर लिहिलेला असतो. हजेरीपट एक बाई सांभाळतात. त्या स्पष्ट म्हणतात, ‘‘पगार त्यांचा तेवढाच, काम माझे वाढले.’’ त्यांचे चुकत नाही. दोनदा मागूनही जादा शिक्षक आलेला नाही.

गेल्या महिन्यात गुरुजी त्या मुलाच्या घरी गेले. विसरू नये म्हणून वहीत त्याचे नाव लिहून घेतले होते. बापाने चहा ठेवला. मुलगा मात्र दाराआडून बाहेर आला नाही.