न आलेला भाडेकरू

घरपट्टी हा वरवर हिशेबाचा विषय दिसतो. पण आहे तो वेदान्ताचा. हे मी कॉमर्सचा पदवीधर असूनही सांगतो! महाराष्ट्रातल्या महानगरपालिकांचा १९४९चा कायदा आहे. (अमरावतीला महानगरपालिका १९८३ साली आली, अकोल्याला २००१ साली, कायदा आधीपासून वाट पाहत बसला होता.) त्यातली जुनी रीत अशी : घर भाड्याने दिलं असतं तर वर्षाला काय आलं असतं तो आकडा धरायचा, दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे आणि उरलेल्यावर कर बसवायचा. भाडेकरू मिथ्या, भाडं मिथ्या, बिल तेवढं सत्य.

आमच्या गल्लीतल्या पंचाहत्तरीच्या काकूंना मी हे तत्त्व समजावलं. त्या म्हणाल्या, "अरे बाप्पा, भाडं कोनाले मागू? मीच तं राह्यतो इथं!"

शेजारी फ्लॅट उभे राहिले, जागेचा भाव चढला, म्हणून काकू श्रीमंत. कागदावर. फॅमिली पेन्शनमधून औषधं आणि वीजबिल गेल्यावर जे उरतं, त्याला 'शिल्लक' म्हणायला बँकेत नोकरी करूनही माझी जीभ रेटत नाही. भिंतींना दुरुस्तीची दहा टक्के सूट आहे, काकूंच्या गुडघ्यांना नाही.

अकोल्याला अप-डाऊन करताना मी हा प्रश्न डब्यात टाकला. एक तरुण सहकारी म्हणाला, "काकूंना जागा तरी आहे. मी भाड्याने राहतो. त्यांची सूट माझ्या खिशातून का?" मूर्तिजापूर गेलं तरी मला उत्तर सुचेना. कारण त्याचं खोटं नव्हतं. मुदतठेवीच्या पावत्यांची गड्डी घेऊन येणारे आजोबा मीही काउंटरवर रोज पाहतो. नुसत्या पांढऱ्या केसांना सूट द्यावी, हे मलाही पटत नाही.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मात्र एक युक्ती आहे. पंचावन्न वर्षांवरच्या माणसाला राहत्या घराचा कर पुढे ढकलता येतो. सरकार तो कर्ज म्हणून मांडून ठेवतं आणि घर विकलं की व्याजासकट घेतं. दान नाही, माफी नाही. फक्त म्हातारपणी घराबाहेर काढत नाहीत.

काकूंना ही युक्ती फार आवडली. पुण्याहून आलेला मुलगा मात्र घाईघाईने म्हणाला, "व्याज कशाला उगीच? दर वर्षी मीच भरत जाईन की!"

इतकी वर्षं हे त्याला सुचलं नव्हतं.