जड झालेले हात

शास्त्रपाठ : निर्गम, अध्याय १७, वचने ८ ते १३

रफीदीम येथे अमालेकी इस्राएल लोकांवर चालून आले, तेव्हा यहोशवा खाली मैदानात लढत होता आणि मोशे देवाची काठी घेऊन टेकडीच्या माथ्यावर उभा होता. त्याचे हात वर असत तोवर इस्राएलाची सरशी होई. हात खाली आले की अमालेक्यांची होई. पुढे त्याचे हात जड झाले. तेव्हा अहरोन व हूर ह्यांनी एक धोंडा आणून त्यास त्यावर बसविले, आणि एकाने ह्या बाजूने व दुसऱ्याने त्या बाजूने त्याचे हात सावरून धरले. सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहिले.

प्रियहो, आमच्या मंडळ्यांतही असे जड झालेले हात आहेत. जे लेकरू चालत नाही, बोलत नाही, आपल्या हाताने घास घेत नाही, त्याच्या आईचे ते हात होत. दहा वर्षांच्या मुलास ती तान्ह्याप्रमाणे उचलते, न्हाऊ घालते, भरविते, आणि त्याची कूस पालटण्यासाठी रात्रीतून दोनदा तीनदा उठते. तिला बाजार नाही, माहेर नाही, आजारी पडण्याचीही सोय नाही. कित्येक वर्षांत ती प्रभुभोजनास आलेली नसते. कारण लेकरास एकटे टाकता येत नाही, आणि बरोबर आणावे तर ते ओरडताच सर्वांच्या माना वळतात. आम्ही काय करतो? "धन्य त्या माउलीची सहनशीलता!" असे म्हणतो आणि आपापल्या घरी जातो. अहरोन व हूर ह्यांनी मोशेची नुसती वाहवा केली असती, तर त्या दिवशी इस्राएलाचे काय झाले असते?

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, थकणे हे पाप नव्हे. मोशेचे हात जड झाले म्हणून शास्त्राने त्यास दोष दिला नाही. त्याचा विश्वास उणा पडला असेही कोणी म्हटले नाही. आमच्या गावांत मात्र अशा मातापित्यांवर थकव्याखेरीज दोषाचेही ओझे लादले जाते. ग्रहणात काही चिरले असेल, कोणाची नजर लागली असेल, कोणते तरी पाप फळास आले असेल, असे लोक बोलतात. जन्मांधाला पाहून शिष्यांनीही हाच प्रश्न केला होता. त्याचे किंवा त्याच्या आईबापांचे पाप ह्याचे कारण नव्हे, हे प्रभूने त्यांस स्पष्ट सांगितले (योहान, अध्याय ९). मेंदूचा पक्षाघात, ज्यास दवाखान्यात सेरेब्रल पाल्सी म्हणतात, तो अपुऱ्या दिवसांच्या जन्माने, जन्मसमयी प्राणवायू न पोहोचल्याने, तीव्र काविळीने किंवा मेंदूज्वराने होऊ शकतो. आईस दूषण देणाऱ्या जिभेस मंडळीत थारा नसावा.

दुसरे असे की, अहरोन व हूर मोशे होता तेथे गेले. त्यांनी त्यास टेकडीवरून खाली आणले नाही, आणि काठीही त्याच्याकडून काढून घेतली नाही. आमच्या पूर्वीच्या मिशनरी बंधुभगिनींनी अशा मुलांसाठी संस्था उभारल्या. सन १९०० मध्ये मिस ॲना मिलर्ड ह्यांनी मुंबईत काढलेली अंधांची शाळा सर्वश्रुत आहे. त्या कार्याबद्दल आम्ही देवाचे उपकार मानतो. परंतु प्रत्येक लेकरू संस्थेत जाऊ शकत नाही, आणि पुष्कळ आयांना ते दूर धाडावयाचेही नसते. त्यांना थोडा विसावा हवा असतो, आणि तो स्वतःच्या घरी, लेकराच्या ओळखीच्या माणसाकडून मिळावा, एवढेच त्यांचे मागणे असते.

ह्या सेवेस फार मोठे ज्ञान लागत नाही. परंतु शिकल्यावाचून ती करू नये. मंडळीतील दोघींनी एक घर पत्करावे. प्रथम तीन चार वेळा आईजवळ नुसते बसून तिची रीत पाहावी. एका बापाने आपला मुलगा प्रभूकडे आणिला, तेव्हा ह्याला हे किती दिवसांपासून होते असे प्रभूने आधी त्या बापासच विचारले (मार्क, अध्याय ९). जो सर्व जाणतो तो जर आईबापांचे ऐकून घेतो, तर आम्ही तरी आधी ऐकावे.

भरविताना लेकरास बसते करावे, मान किंचित पुढे असावी, घास लहान असावा. निजवून भरविल्यास अन्न श्वासनलिकेत जाते. ज्यास स्वतः हलता येत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी पालटावी, नाहीतर अंगास जखमा होतात. आकडी आली तर कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, नाकाशी कांदा किंवा वहाण धरू नये. पाच मिनिटांत ती थांबली नाही तर विलंब न लावता दवाखाना गाठावा. औषधात आपल्या मताने काडीचाही बदल करू नये. दोघींनी मिळून जावे, दार उघडे असावे. त्यात लेकराचे रक्षण आहे आणि सेवा करणाऱ्यांचेही. सर्वांत मुख्य म्हणजे, लेकरास त्याच्या नावाने हाक मारावी. ते बोलत नसले तरी ऐकते. तेही मंडळीचेच लेकरू आहे.

आणि त्या दोन तीन तासांत आईने काय केले, हे विचारू नये. ती झोपली तर झोपू द्यावी, शेजारणीकडे बसली तर बसू द्यावी. थकलेल्या एलियास देवदूताने जागे केले ते खाऊपिऊ घालण्यासाठी, जाब विचारण्यासाठी नव्हे.

तिसरे असे की, त्यांनी सूर्य मावळेपर्यंत हात धरिले. नाताळात फराळाचे ताट धाडून वर्षभर त्या घराकडे न फिरकणे, ह्याला हात धरणे म्हणत नाहीत. बुधवारी दुपारी येतो म्हटले तर दर बुधवारी गेले पाहिजे. कारण त्या एका दुपारच्या आशेवर ती बाई सहा दिवस काढते, आणि आम्ही न गेल्यास तिचे हात पूर्वीहून अधिक जड होतात.

कोणी म्हणेल, आमची मंडळी मजुरांची, ऊसतोडीच्या हंगामात निम्मे घरे ओस पडतात. आम्ही काय देणार? परंतु अहरोन व हूर ह्यांनी मोशेसाठी गादी मागविली नाही. टेकडीवर जो धोंडा होता तोच त्यांनी पुढे सरकविला. जेथे दोघे उरले आहेत तेथे दोघांनी आरंभ करावा.

सरकारी साहाय्यही मिळवून द्यावे. सन २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकारची दिव्यांगता मानली आहे. सन १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. तीत वर्षास १ लाख रुपयांपर्यंत उपचारखर्चाची तरतूद आहे. पण दाखल्यासाठी जिल्ह्याच्या दवाखान्यात खेपा कोणी घालाव्या? ज्या आईस घराचा उंबरठा ओलांडता येत नाही तिने? येथे मंडळीतील शिकलेल्या तरुणांनी आपले पाय द्यावे.

तर बंधुभगिनींनो, येत्या रविवारी उपासनेनंतर वडील मंडळींनी बसून एवढेच विचारावे : आपल्या गावात असे लेकरू कोणत्या घरी आहे? ते घर आपल्या मंडळीचे असो वा नसो, त्याचे नाव घ्यावे, आणि तेथे कोणती दोन माणसे कोणत्या वारी जाणार हे उठण्यापूर्वी ठरवावे.

हे दयाळू पित्या, जे हात तुझ्या लेकरांस रात्रंदिवस सावरून धरितात ते आम्हांस दाखीव. आणि त्यांच्या बाजूस उभे राहण्यास आम्हांस लाव, सूर्य मावळेपर्यंत. आमेन.