हळद, पोत आणि हुंडा : अनुकरणाची सीमा

लग्नसराई जवळ आली की मशिदीत काही प्रश्न हमखास विचारले जातात. वधूला हळद लावावी का? गळ्यात काळ्या मण्यांची पोत चालेल का? आपण या मातीत पिढ्यान्‌पिढ्या राहत आलो आहोत. शेजाऱ्यांच्या चालीरीती आपल्या घरात आल्या यात नवल नाही. मात्र त्यांपैकी काय स्वीकारावे आणि काय नाकारावे, याला काही कसोटी हवी.

जो ज्या समाजाचे अनुकरण करतो तो त्यांच्यापैकीच होय, या आशयाची हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. पण प्रेषितांनी (स.) अरुंद बाह्यांचा शामी अंगरखा वापरल्याचेही हदीसमध्ये नमूद आहे, आणि हिजरी सन ५ मध्ये मदीनेच्या रक्षणासाठी खंदक खोदला गेला तो इराणी रीतीप्रमाणेच. म्हणजे प्रत्येक अनुकरण निषिद्ध नव्हे. फिकहचे सूत्र असे की, उपासनेला शरीअतचा आधार हवा. व्यवहारातील रीती मात्र मनाई सिद्ध होईपर्यंत मुबाह होत.

म्हणून कोणत्याही प्रथेला तीन प्रश्न विचारावेत. तिच्यामागे तौहीदला बाधक श्रद्धा आहे का? ती अन्य धर्माची खास ओळख आहे का? तिच्यामुळे उधळपट्टी, निर्लज्जता किंवा कोणावर अन्याय होतो का? अग्नीभोवतीचे फेरे आणि मुहूर्ताचे शुभाशुभ पहिल्या प्रश्नातच बाद होतात. मंगळसूत्र दुसऱ्या प्रश्नात अडते. साधी पोत केवळ दागिना असेल तर हरकत नाही. परंतु ती तुटल्याने पतीच्या आयुष्यावर संकट येते असे मानले, तर प्रश्न मण्यांचा न राहता ईमानचा होतो. हळदीचेही तसेच. स्त्रियांनी आपापसांत उटणे म्हणून ती लावणे वेगळे आणि तिने बाधा टळते असे मानणे वेगळे. सावधगिरी म्हणून काही उलमा ती मुळीच नको म्हणतात. त्यांच्या मताचाही आदर राखावा.

हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (र.अ.) यांच्या अंगावर पिवळ्या सुगंधी द्रव्याची खूण पाहून प्रेषितांनी (स.) आधी विचारपूस केली. विवाह झाल्याचे कळताच महर किती दिला हे विचारले, बरकतीची दुआ दिली आणि एका बकरीचा का होईना, वलीमा करण्यास सांगितले. या प्रसंगावरून आजचा हळदी समारंभ सिद्ध होत नाही. पण एक गोष्ट स्पष्ट होते : खजुराच्या बीएवढे सोने वराकडून वधूला गेले आणि जेवणाचा खर्चही वरानेच उचलला.

आपल्याकडे हा प्रवाह उलटा वाहतो. सूरह निसामध्ये स्त्रियांना महर आनंदाने देण्याची आज्ञा आहे. आपण मात्र महर उधार लिहितो आणि हुंडा रोख घेतो. देशाच्या कायद्याने १९६१ पासून हुंड्यास बंदी आहे. शरीअतच्या दृष्टीने तर मागून, दबाव आणून घेतलेले धन दुसऱ्याचे धन अन्यायाने खाणेच ठरते. ही प्रथा तिसऱ्या प्रश्नापुढे एक क्षणही टिकत नाही. तरीही हळदीवरून रुसणारे वडीलधारे मोटारसायकलच्या मागणीवर गप्प बसतात, आणि मुलीचा बाप कर्ज काढतो.

हळद दोन दिवसांत धुतली जाते. ते कर्ज मात्र वर्षानुवर्षे फिटत नाही. निकाह ठरवताना बैठकीत पहिला प्रश्न हळदीचा न विचारता महरचा विचारावा. अल्लाह आपणा सर्वांना तशी सद्बुद्धी देवो. आमीन.