सोसण्याचं माप

हान्स-योआखिम हाझे हे जर्मन मनोविकारतज्ज्ञ आपल्या रुग्णांना अधूनमधून त्याच त्या ओळी कागदावर लिहायला लावत. रुग्ण काय लिहितो याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं; अक्षर केवढं येतंय ते बघायचं होतं. अँटिसायकोटिक औषधाचा डोस वाढत गेला की एका टप्प्यावर अक्षर बारीक होऊ लागे, ओळी आखडत, हाताचा मोकळेपणा जाई. हाताचे स्नायू किंचित ताठरले म्हणजे औषध मेंदूत पुरेसं पोचलं, असा हाझेंचा हिशेब होता. हेतू चांगलाच होता. त्या खुणेच्या पुढे डोस चढवू नये, विनाकारण जास्त औषध कुणाच्या पोटात जाऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. पण त्यामागे त्या काळातल्या बहुतेकांची एक समजूत होती: शरीर थोडं आखडल्याशिवाय मन शांत व्हायचं नाही. दुष्परिणाम हीच गुण आल्याची पावती.

पाठ्यपुस्तकांतून ही समजूत केव्हाच गेली. घरांतून आणि दवाखान्यांतून ती अजून पुरती गेलेली नाही. ‘गोळी लागू पडली ना, मग थोडं सोसायला हवं’ हे वाक्य बायपोलरच्या, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांच्या फेऱ्यांत सापडणाऱ्या, रुग्णाला नातेवाइकांकडून ऐकावं लागतं, आणि कधी कधी डॉक्टरांकडूनही. त्यात तथ्य नाही असं नाही. उन्मादाच्या लाटेत नोकरी, पैसा, अब्रू आणि कधी जीवही जातो. ती लाट थोपवणाऱ्या औषधासाठी माणूस काहीतरी सोसायला तयार होतो. प्रश्न आहे तो ‘थोडं’ या मापाचा. ते कुणी ठरवायचं? तोंड कोरडं पडतं ते ज्याचं, वजन वाढतं ते ज्याचं, पाय थाऱ्यावर राहत नाहीत ते ज्याचे, त्याच्या हाती ते माप असायला हवं. बाकीच्यांनी ते नीट घ्यायला त्याला मदत करायची. दुष्परिणाम सांभाळणं हे उपचार संपल्यावर करायचं किरकोळ काम नाही. उपचार टिकतो की सुटतो हे तिथेच ठरतं.

या औषधांचा इतिहासही हेच सांगतो. क्लोरप्रोमाझिन हे पहिलं अँटिसायकोटिक 1950च्या डिसेंबरात फ्रान्समधल्या रोन-पुलांक कंपनीत तयार झालं. आंरी लाबोरी या शल्यचिकित्सकाला ते शस्त्रक्रियेच्या वेळी शरीर शांत ठेवायला हवं होतं. माणूस शुद्धीत राहतो, पण भोवतालाविषयी उदासीन होतो, हे त्यानं हेरलं. 19 जानेवारी 1952 रोजी पॅरिसच्या व्हाल-द-ग्रास या लष्करी रुग्णालयात ते पहिल्यांदा एका मनोरुग्णाला दिलं गेलं. तो चोवीस वर्षांचा तरुण होता आणि त्याला उन्माद होता. पुढे ही औषधं स्किझोफ्रेनियाची म्हणून ओळखली गेली, पण त्यांचा पहिला रुग्ण उन्मादाचा होता. इंजेक्शननं त्याच्या शिरेला दाह होऊ लागला, म्हणून मधूनमधून झोपेच्या औषधांचा आणि विजेच्या झटक्यांचा आधार घ्यावा लागला. सुमारे तीन आठवड्यांत तो सावरला. औषधाचा गुण आणि त्याचा त्रास यांची नोंद एकाच केसपेपरवर सुरू झाली.

याच सुमारास एक वाट आपल्याकडूनही निघाली होती. सर्पगंधेचं मूळ बिहारात ‘पागल की दवा’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या दिलं जाई. 1931 साली कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावरचा आणि वाढलेल्या रक्तदाबावरचा तिचा उपयोग वैद्यकीय नियतकालिकात मांडला. 1949 साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि साऱ्या जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीत तिच्यातून रेसरपीन वेगळं काढलं गेलं. 1954 पर्यंत न्यूयॉर्कमध्ये नेथन क्लाइन ते मनोरुग्णांना देत होते. रुग्ण शांत झाले, पण कंपवात असावा तसे काही जण ताठरले, आणि रक्तदाबासाठी ते घेणारे काही जण खिन्न झाल्याच्या नोंदी होऊ लागल्या. स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी रेसरपीन देऊन सशांना निश्चल केलं आणि एल-डोपा देऊन पुन्हा हलतं केलं. मेंदूतल्या डोपामीनचं महत्त्व त्यातून उमगलं आणि 2000 साली त्यांना नोबेल मिळालं. ज्या ताठरपणाला ‘सोसा’ म्हणून बाजूला सारलं जात होतं, त्याच्याकडे कुणीतरी निरखून पाहिलं, तेव्हा औषध मेंदूत नेमकं काय करतं ते कळलं.

या कथेचं पुढचं पान मला फार मोलाचं वाटतं. अँटिसायकोटिक औषधं दीर्घकाळ घेतल्यावर काहींच्या ओठांना, जिभेला, बोटांना आपोआप हालचाली जडतात. त्याला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. वयस्कांना, स्त्रियांना आणि मूडचे आजार असलेल्यांना त्याचा धोका अधिक. तो आटोक्यात आणण्यासाठी 2017 साली अमेरिकेत व्हॅलबेनाझिन मंजूर झालं. रेसरपीन मेंदूपेशीतल्या डोपामीन साठवणाऱ्या यंत्रणेवर काम करतं. व्हॅलबेनाझिन तिथेच, पण अधिक नेमकेपणानं आणि तात्पुरता लगाम घालतं. एका औषधाच्या त्रासातून शिकलेलं ज्ञान दुसऱ्या औषधाच्या त्रासावर उपयोगी पडलं.

क्लोझापिनची गोष्ट तर याहून बोलकी. 1958 साली बर्नमध्ये तयार झालेल्या या औषधानं शरीर आखडत नव्हतं, म्हणून ते खरं अँटिसायकोटिक आहे का अशीच अनेकांना शंका आली. 1975 मध्ये फिनलंडमध्ये ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी घसरल्या आणि आठ जण दगावले. औषध बऱ्याच ठिकाणी मागे घेतलं गेलं. 1988 मध्ये जॉन केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांना त्याचा गुण येतो, आणि ते परत आलं. पण नियमित रक्ततपासणीच्या अटीवर. रेणू तोच होता, धोकाही तोच. मधल्या काळात बदलली ती त्याच्यावर लक्ष ठेवण्याची रीत. दुष्परिणाम सांभाळणं म्हणजे काय, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

हे सगळं एका घरात उतरतं तेव्हा कसं दिसतं, ते माझ्या धाकट्या मावशीमुळे मी पाहिलं. उन्मादाचा झटका ओसरल्यावर तिला ॲरिपिप्राझोल सुरू झालं. थोड्याच दिवसांत रात्रीची जेवणं उरकली की ती ओट्यापासून बाहेरच्या दारापर्यंत येरझारा घालू लागली. टीव्हीपुढे बसवलं तर पाय एकमेकांवर घासायची, चुळबुळ करायची, आणि मालिकेची पाटी संपायच्या आत उठायची. घरात सगळ्यांच्या मनात एकच: परत चढायला लागली. तेव्हाच्या डॉक्टरांनी फोनवरच डोस वाढवायला सांगितला, आणि येरझारा दुप्पट झाल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी समोर बसवून तिलाच विचारलं. ती म्हणाली, ‘‘मन शांत आहे हो. पायच ऐकत नाहीत. आतून कुणीतरी चालवतंय.’’ निदान या तीन वाक्यांतच होतं. याला अकाथिझिया म्हणतात. उन्मादातली अस्वस्थता बेत आखते, फोन लावते, तिला झोपेची गरजच वाटत नाही. अकाथिझियात माणसाला बसायचं असतं, झोपायचं असतं, आणि शरीर बसू देत नाही. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. फरक फक्त आतल्या माणसाला सांगता येतो. डोस खाली आणला, जोडीला प्रोप्रॅनोलॉल दिलं, आणि पाय हळूहळू थांबले. न ओळखलेला अकाथिझिया माणसाला जिवावर उदार करू शकतो, म्हणून हा प्रश्न वेळेवर विचारला जाणं फार महत्त्वाचं.

पुढे औषध बदलून ओलान्झापिन आलं. पाय शांत, झोप गाढ, पण भूक अशी की जेवून हात धुतला तरी डब्याकडे लक्ष. ब्लाउजच्या शिवणी एकदा सोडल्या, मग पुन्हा सोडल्या. शिंपीणबाईंनी ‘आता कापडच उरलं नाही’ म्हटल्यावर मावशीनं त्यांच्याकडची जुनी टेप मागून आणली. तेव्हापासून कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, ती बारीक अक्षरात नोंद ठेवू लागली: कंबर, वजन, किती वाजता झोपले, पायांचं काय. पोटाचा घेर मोजायला अमेरिकेतल्या मधुमेह आणि मनोविकार संघटनांनी 2004 सालीच एकत्र सांगितलं होतं. औषध सुरू करताना वजन, घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि चरबी तपासावी. वजन चार, आठ आणि बारा आठवड्यांनी, मग दर तीन महिन्यांनी पाहावं. रक्तदाब, साखर आणि चरबी बारा आठवड्यांनी पुन्हा तपासावी. वजन चढताना दिसलं तर खाण्याचालण्याची घडी बसवता येते, मेटफॉर्मिन देता येतं, औषध बदलता येतं. दहा-पंधरा किलो वाढल्यावर नुसतं ‘जिभेला आवर घाला’ म्हणणं हा अन्याय आहे, कारण ती भूक औषधानं लावलेली असते.

रोजच्या जगण्याच्या कितीतरी साध्या गोष्टी औषधाशी बांधलेल्या असतात. ल्युरासिडोन घ्यायचं तर पोटात किमान साडेतीनशे कॅलरीचं अन्न हवं. रिकाम्या पोटी त्याचं निम्मंच रक्तात उतरतं. श्रावणी सोमवारी नुसत्या चहावर गोळी घेणाऱ्या बाईला हे कुणी सांगितलं नसेल, तर ‘औषध लागू पडत नाही’ हा निष्कर्ष चुकीचाच निघणार. विडी-सिगारेटच्या धुरानं यकृत ओलान्झापिन झपाट्यानं निकालात काढतं. माणसानं विडी सोडली, किंवा तो धूम्रपानबंदी असलेल्या वॉर्डात दाखल झाला, की त्याच डोसचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि तो पेंगू लागतो. हे करणारा धूर असतो, निकोटिन नव्हे; तंबाखू चघळणाऱ्याच्या बाबतीत असं होत नाही. रिस्पेरिडोननं पाळी लांबली किंवा दूध येऊ लागलं, तर प्रोलॅक्टिन तपासायचं असतं. बाई संकोचानं गप्प राहिली तर ते कुणाला कळणारच नाही. आणि ताप, अंग लाकडासारखं ताठ होणं, भान हरपणं हे एकत्र दिसलं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता तडक रुग्णालय गाठायचं.

बायपोलरमध्ये एक पेच मात्र या सगळ्यांहून नाजूक आहे. रुग्ण म्हणतो, ‘‘मला बोथट वाटतंय.’’ हा औषधाचा जडपणा, की आजाराचा खाली नेणारा फेरा? की उन्मादातला झळझळीत वेग अनुभवल्यावर साधं जगणंच संथ वाटतंय? तिन्ही शक्यता खऱ्या, आणि तिन्हींचे उपाय वेगळे. जडपणा गोळीच्या वेळेशी जुळतो. सकाळी डोळे उघडत नाहीत, दुपारपर्यंत धुकं विरतं, गोळी रात्री लवकर घेतली की फरक पडतो. नैराश्य गोळीचं घड्याळ पाळत नाही. त्यात भूक, आशा, स्वतःविषयीचा आदर हळूहळू आटत जातो. तिसरी शक्यता सांगायला सगळ्यांत कठीण, कारण ती हरपलेल्या गोष्टीचं दुःख असते. त्यावर गोळी नाही. ते दुःख आहे हे कुणीतरी मान्य करावं लागतं. ‘आता बरी आहेस, मग रडतेस कशाला?’ असं विचारणाऱ्याला ते कधीच दिसत नाही.

यावर रास्त आक्षेप असा, की उन्माद चढलेल्या माणसाच्या हातात सोसण्याचं हे माप द्यायचं कसं? तेव्हा त्याला आपण आजारीच नाही असं वाटत असतं. आक्षेप खरा आहे. गोळ्या अचानक टाकून दिल्या तर झटका पुन्हा येण्याचा धोका वाढतो, आणि डोस कमी करायचा तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरीपायरीनंच, हेही तितकंच खरं. पण बहुतेकांचा आजार बारमाही चढलेला नसतो. मधले महिने, कधी मधली वर्षं, माणूस पुरता भानावर असतो. माप घ्यायचं ते त्या काळात. आपल्याकडच्या 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं यासाठी जागा करून ठेवली आहे. प्रस्तावित उपचार आणि त्याचे ज्ञात दुष्परिणाम समजेल अशा भाषेत जाणून घेणं हा त्या कायद्यानं रुग्णाचा हक्क आहे. पुढे तोल गेला तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत, हे शांत असताना लिहून ठेवण्याची, आणि आपल्या वतीनं बोलणारं माणूस नेमण्याचीही तरतूद आहे. ‘अमुक औषधानं माझे पाय थांबत नाहीत, ते आधी देऊ नका’ हे वाक्य अशा कागदावर असेल, तर ऐन झटक्याच्या रात्रीही त्या माणसाचा शब्द डॉक्टरांपर्यंत पोचतो.

मानसिक आजाराचं नाव लागलं की माणसाच्या शब्दावरचा लोकांचा विश्वास उडतो. त्याचा राग आजाराचा ठरतो, हसू आजाराचं, तक्रारही आजाराचीच. म्हणूनच दुष्परिणामाची तक्रार खरी मानून तपासणं हे औषधशास्त्राइतकंच माणुसकीचं काम आहे. अर्थात प्रत्येक तक्रारीवर औषध बदलता येणार नाही. काही त्रास राहतील आणि ते सोसावे लागतील. पण विचारून, समजून, स्वतः कबूल करून सोसलेला त्रास आणि लादलेला त्रास यांत फार अंतर आहे. पहिल्यात माणूस गोळी घेत राहतो आणि नको झाली तर तसं येऊन सांगतो. दुसऱ्यात तो गप्प बसतो आणि गोळी बेसिनमध्ये सोडून देतो, आणि मग पुढचा झटका कुणालाच थोपवता येत नाही.